हिंसा नेमकं कशाला म्हणायचं?

मन्याडखोरं
नमस्कार मंडळी. मी नांदेड जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. परवा बारावीच्या वर्गात राज्यसंस्थेची व्याख्या घेतली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने 1919 साली म्युनिकच्या व्याख्यानात केलेली तीच ती: ठरावीक भूभागात वैध बळ वापरण्याची मक्तेदारी जी संस्था स्वतःकडे यशस्वीपणे राखते, ती राज्यसंस्था. फळ्यावर मी 'वैध हिंसा' असं लिहिलं. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला आणि म्हणाला, "सर, निजामाचं राज्य होतं तेव्हा रझाकार वैध होते का? आणि उमरीची बँक लुटणारे अवैध?"

रझाकार म्हणजे निजामाची बाजू घेणारे हत्यारबंद लोक, आणि उमरीची बँक लुटली ती निजामाविरुद्ध लढणाऱ्यांनी. वर्ग एकदम शांत झाला. आमच्या भागात हा पुस्तकी प्रश्न नाही. निम्म्या पोरांचे पणजोबा त्या काळातले. माझे आजोबा स्वतः उमरखेडच्या बाजूला, सरहद्दीवरच्या निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात होते. मी पोराला म्हणालो, पुढच्या आठवड्यात सांगतो.

म्हणून विचारतोय. राजकीय विचारात 'हिंसा' या शब्दाचा अर्थ काय धरायचा? मारहाण, जाळपोळ, खून एवढंच? राज्याची लाठी त्यात येते का? उपासमार येते का? की ज्याच्या हातात सत्ता असते, तोच हा शब्द कुणाला लावायचा ते ठरवतो?

जुना_वकील
सर, एक गंमतीची गोष्ट सांगतो. 1860 च्या भारतीय दंड संहितेत 'बळ' म्हणजे काय ते कलम 349 मध्ये होतं, 'फौजदारी बळ' 350 मध्ये, 'हमला' 351 मध्ये. 'हिंसा' या शब्दाची व्याख्या मात्र कुठंच नव्हती. दंग्याच्या कलम 146 मध्ये तो शब्द 'बळ किंवा हिंसा' असा नुसता येऊन जातो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण व्याख्या काही आली नाही. कायद्याने बळ मोजलं, दुखापत मोजली, हिंसेला हात लावला नाही.

रझाकारांबद्दल म्हणाल तर ते सरकारी फौज नव्हतेच. लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीची ती संघटना. निजाम सरकारने तिला मोकळं सोडलं. म्हणजे वेबरच्याच मापाने बघितलं तर मक्तेदारी ढिली झाली होती, राज्य आपलं बळ दुसऱ्याच्या हातात देऊन बसलं होतं. पोराचा प्रश्न चोख आहे, त्याला शाबासकी द्या.

गोदाकाठ
वेबरच्या मूळ जर्मन वाक्यातला शब्द 'गेवाल्ट' या शब्दावरून आलाय. त्या भाषेत राज्यसत्तेलाही तोच शब्द आणि मारहाणीलाही तोच. मराठीत आणताना आपण 'हिंसा' लिहिलं की निम्मा अर्थ वाया जातो आणि नको तो निम्मा हाती येतो.

आपल्या शब्दाची जात वेगळी आहे. हिंस् हा धातू 'हन्'चं इच्छार्थक रूप मानतात. मारणं नव्हे, मारण्याची इच्छा. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रातही व्याख्या आहे की प्रमादाच्या, म्हणजे बेसावधपणाच्या, योगाने प्राण हरण करणं ती हिंसा. तिथंही नुसता प्राण गेला हे पुरत नाही, करणाऱ्याचं मन कुठं होतं ते विचारलं जातं.

आणि पैठणच्या माणसाने हे सांगितलंच पाहिजे. आपेगावच्या ज्ञानोबांनी तेराव्या अध्यायात अहिंसेचं निरूपण करताना आधी कुणाला धारेवर धरलंय बघा. जे हिंसा करूनच अहिंसा साधतो म्हणतात त्यांना. झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण घालावं, तसं हे, असं ते म्हणतात. सातशे वर्षांहून जुनं आहे हे. क्रांतीसाठी हिंसा, शांततेसाठी युद्ध, या सगळ्यांना ते कुंपण लागू पडतं.

चिंचेचं_झाड
आणि तुकोबांचं काय मग? 'दया तिचे नाव भूतांचे पाळण, आणिक निर्दळण कंटकांचे.' दयेच्या व्याख्येतच निर्दळण बसवलंय त्यांनी.

गोदाकाठ
@चिंचेचं_झाड, बसवलंय खरं. पण कंटक कोण हे ठरवणाऱ्याची जबाबदारी किती मोठी, हे कीर्तनकार सांगत नाहीत.

मांजरातीर
लातूरचं सांगतो. मार्च 2016. शहराला नळाचं पाणी नाही, टँकरवर गर्दी. प्रशासनाने पाण्याच्या टाक्यांच्या आजूबाजूला 144 कलम लावलं, पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर.

आमच्या गल्लीच्या टोकाला टाकी होती. रात्री दोनला आई घागर घेऊन रांगेत, मी मागे दोन कॅन घेऊन. एक पोलीस दोरी बांधत होता, दोरीच्या अलीकडं पाच माणसं, पलीकडं सगळं गाव. कुणी कुणाला मारलं नाही. दोरी बांधून होईपर्यंत सगळ्या बाया आपापल्या घागरीवर हात ठेवून गप उभ्या. मी तेव्हा बारावीला होतो. आज हा धागा वाचताना वाटलं, वेबर म्हणतो ते वैध बळ मी बघितलंय, ते सुतळीचं होतं.

ते चूक होतं असं मी म्हणत नाही. 144 नसतं तर डोकी फुटली असती. पण पाणी का संपलं, धरणाचं पाणी वर्षानुवर्षं कुठं गेलं, त्याच्यावर कुठलंच कलम लागलं नाही.

निवृत्त_खाकी
तीस वर्षं पोलीस खात्यात काढली, म्हणून बोलतो. राज्याचं बळ आणि गुंडाचं बळ यात फरक आहे आणि तो फरक नियमाचा आहे. आधी जमाव बेकायदा असल्याचं भोंग्यावर सांगायचं, पांगायला वेळ द्यायचा, मग अश्रुधूर, मग लाठी, तीही कमरेखाली. गोळी अगदी शेवटी. नियम मोडला तर आमच्यावरही चौकशी बसते.

पण एक गोष्ट कित्येक वर्षं कुणाला सांगितली नव्हती. एका तालुक्याच्या गावी बंदोबस्त होता, एसटीवर दगड पडायला लागले, आदेश आला. मी लाठी उगारली, ती एका पोराच्या हातावर बसली. पोरगा दगडवाला नव्हता, पाठीवर दप्तर होतं. त्याच्या मनगटावरच्या घड्याळाची काच फुटली आणि तो हात धरून घड्याळाकडंच बघत राहिला, माझ्याकडं बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'सौम्य लाठीमार'. आमच्या कागदावर 'आवश्यक तेवढ्या बळाचा वापर'. दोन्ही शब्द मला तेव्हा बरोबर वाटले. आता 'सौम्य' वाचलं की ती काच दिसते.

बालाघाटची
खाकीकाका, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

मी बीड जिल्ह्यातली. आई-वडील ऊसतोडीला जायचे. आमच्याकडं नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात. मुकादमाकडून दसऱ्याआधी उचल घ्यायची आणि उन्हाळ्यापर्यंत ती फेडायची. एक दिवस कामावर गेलं नाही तर 'खाडा' पडतो, त्याचे पैसे कापले जातात. पाळी आली तरी खाडा, बाळंतपण जवळ आलं तरी फड सोडता येत नाही. 2019 साली बातम्या आल्या की आमच्या भागातल्या कितीतरी बायांनी तिशीच्या आतबाहेर गर्भपिशवी काढून टाकलीय, विधिमंडळात गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

माझ्या मावशीची पिशवी अठ्ठाविसाव्या वर्षी काढली. तिला कुणी बांधून नेलं नव्हतं. ती स्वतः मुकादमाकडून पैसे उचलून गेली, आणि ऑपरेशनचे पैसे पुढच्या उचलीतून वळते झाले. नॉर्वेच्या योहान गाल्टुंगने 1969 मध्ये याला 'संरचनात्मक हिंसा' म्हटलं. माणसाला जे मिळू शकलं असतं आणि जे मिळालं, त्यातली टाळता येणारी दरी म्हणजे हिंसा, मग मारणारा हात दिसो वा न दिसो. एम.ए.ला असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ग्रंथालयात रडले होते. मावशीला जे झालं त्याला नाव होतं.

जुना_वकील
ताई, तुमच्या मावशीचं दुःख मी नाकारत नाही. पण शब्दाबद्दल भांडू द्या. अन्याय म्हणा, शोषण म्हणा, वेठबिगारी म्हणा, त्यासाठी 1976 चा कायदाही आहे. सगळ्यालाच हिंसा म्हटलं तर ज्याने खरोखर कुऱ्हाड मारली तो वर्गात मागे जाऊन बसतो. उद्या एखादा म्हणेल, व्यवस्था माझ्यावर हिंसा करते म्हणून मी तलाठ्याचं ऑफिस जाळलं. शब्द सैल झाला की त्याचा पहिला फायदा मारणारा घेतो.

बालाघाटची
वकीलकाका, शोषण म्हटलं की लोक मान हलवतात आणि चहा मागवतात. हिंसा म्हटलं की विचारतात, कुणी केली? मला तोच प्रश्न हवाय. मुकादमाने? कारखान्याने? डॉक्टरने? खाड्याचा दर ठरवणाऱ्या बैठकीने? मी कुणाचंही ऑफिस जाळायला निघालेली नाही. मला फक्त ते 'कुणी' हरवू द्यायचं नाही.

जुना_वकील
'कुणी' हरवू नये, हे शंभर टक्के मान्य. मग आपलं भांडण वाटलं होतं त्यापेक्षा बरंच लहान आहे.

खामनदी
यात हाना आरेंट या राजकीय विचारवंत बाईचं एक म्हणणं आणतो. 1970 च्या सुमारास तिने लिहिलं की सत्ता आणि हिंसा या एकमेकींच्या बहिणी नाहीत, उलट टोकं आहेत. माणसं एकत्र येऊन वागतात त्यातून सत्ता येते. हिंसेला माणसं लागत नाहीत, साधनं लागतात. बंदुकीच्या नळीतून आज्ञापालन निघतं, सत्ता कधीच निघत नाही. सत्ता हातातून निसटायला लागली की मगच माणूस हत्याराकडं वळतो.

मला हे पटलं ते पुस्तकामुळे नव्हे. 9 ऑगस्ट 2016 ला औरंगाबादला पहिला मराठा मूक मोर्चा निघाला, तेव्हा मी क्रांती चौकात उभा होतो. घोषणा नाही, भाषण नाही, पुढे मुली. इतक्या माणसांचा आवाज म्हणजे फक्त चपलांचा. मोर्चा गेल्यावर पोरं रस्त्यावरचे पाण्याचे पाऊच उचलत होती. त्या दिवशी सगळ्या पक्षांना घाम फुटला होता, एक काच फुटली नसताना. 2023 ला आधी 1 सप्टेंबरला अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि 30 ऑक्टोबरला बीडमध्ये आमदारांची घरं पेटली. त्यानंतरचे कित्येक दिवस मागणीवर कुणी बोलेना, सगळी चर्चा जाळपोळीची. मागणी तीच, माणसं तीच. आग लागली की मागणी धुरात जाते.

शेंगदाणा_चटणी
लाठीमार झाला नसता तर आग लागली असती का? ते आधी सांगा. आणि आरक्षण द्यायला हवं होतं की नाही?

धागापालक
आरक्षणावर वेगळा धागा आहे, कृपया तिकडं जा. इथं हिंसेचा अर्थ.

निळी_पहाट
मी परभणीची. इथं नामांतराचं कुणी काढलं नाही म्हणून मी काढते.

27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. त्यानंतर गावोगाव आमच्या वस्त्या जळल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना ठार मारलं. आमच्या गावात माणूस मेला नाही, घरं जळली. माझी आजी सांगायची, जाळणारे अनोळखी नव्हते. ज्याच्या शेतात ती खुरपायला जायची, त्याचा मुलगा त्यात होता, आणि आठ दिवसांनी त्याच शेतावर तिला कामाला जावं लागलं, कारण दुसरं काम नव्हतं. वकीलकाका आणि बालाघाटची ताई, तुमच्या दोघांच्या हिंसा त्या एका बांधावर एकत्र उभ्या होत्या. जाळणारा हात दिसत होता आणि कामाला परत नेणारी भूकही.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. साडेपंधरा वर्षं. या काळात आमच्याकडून मोर्चे निघाले, लाँग मार्च निघाला, लोकांनी जीव दिले.

आता विचाराकडं येते. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत सांगितलं की रक्तरंजित मार्ग सोडा, आणि पुढं सविनय कायदेभंग, असहकार, सत्याग्रहसुद्धा सोडा. घटनात्मक मार्ग बंद होते तेव्हा या मार्गांचं समर्थन करता येत होतं, आता ते अराजकतेचं व्याकरण आहे. हे सांगणारा माणूस महाडला सत्याग्रह करून आलेला होता, त्याला काय सोडायला सांगतोय ते नीट माहीत होतं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये ते मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज असा भेद करतात. गोदाकाठ यांनी वर हिंस् धातूचं सांगितलं, ते वाचून मी चमकलेच. तोच भेद.

म्हणून सरांच्या पोराला माझं उत्तर असं: दोन गोष्टी विचार. दुसरा रस्ता उघडा होता का? आणि समोरच्याच्या हातात काय होतं?

मांजरातीर
निळीताई, जबरदस्त. पहिल्या प्रश्नाचं आपल्याकडचं उत्तर तयार आहे. निजामी राज्यात गश्ती निशाण 53 नावाचा सरकारी हुकूम होता, परवानगीशिवाय सभाच घेता यायची नाही. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर 1938 ला ती नीट स्थापन व्हायच्या आधीच बंदी आली, ती उठली 1946 ला. स्वामी रामानंद तीर्थांनी आधी सत्याग्रहच केला होता. रस्ता बंद होता.

तेरणा
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितोय.

मी धाराशिव जिल्ह्यातला, मुसलमान. 13 ते 17 सप्टेंबर 1948 ला हिंदी फौज आली, तिला नाव दिलं 'पोलीस ॲक्शन'. रणगाडे होते, पण पोलीस. नाव कोण ठेवतं हे वर सरांनी विचारलंय, त्याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही. त्यानंतर जे झालं ते बघायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं. त्यांच्या अहवालात मेलेल्यांचा अंदाज 27,000 ते 40,000 आहे. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. कित्येक दशकं तो अहवाल लोकांपुढं आलाच नाही.

माझे पणजोबा रझाकार नव्हते, रंगारी होते. त्यांच्या हातात निळीचे डाग सोडून काही नव्हतं. आजी तेव्हा सात वर्षांची. तिला शेजारच्या साळ्याच्या घरात मागाच्या खड्ड्यात लपवलं, वर पाचोळा टाकला. साळ्याची बायको खड्ड्याच्या काठावर बसून दिवसभर सूत गुंडाळत राहिली. त्या अहवालातही लिहिलंय की हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवताना स्वतःचे जीव घातले. आजी सतरा सप्टेंबरला झेंड्याला जायची. येताना साळ्याच्या घरी जाऊन बसायची.

आंबेमोहोर
तेरणाभाऊ, माझ्या घरचं उलटं आहे. आमच्या आज्जीचे वडील रझाकारांनी मारले, मळ्यातल्या विहिरीवर. पोरं कडब्याच्या गंजीत लपली होती. त्या पोरांनी पुढं आयुष्यभर मुसलमान हा शब्द नीट उच्चारला नाही. मी लहानपणी तेच शिकलो. तुमच्या आजीचा मागाचा खड्डा आणि आमची कडब्याची गंजी, दोन्ही डोळ्यापुढं आल्या. मला आज एवढंच लिहायचंय.

तेरणा
आंबेमोहोर भाऊ, विहिरीवरच्या पणजोबांना माझा सलाम.

मन्याडखोरं
दोन दिवस वाचत होतो, लिहायचं धाडस होत नव्हतं. तेरणाभाऊंनी लिहिल्यावर आता माझ्या घरचं सांगायलाच हवं.

आमच्या फडताळात वरच्या फळीवर एक पितळी पानदान आहे. लांबट, वर कडी, आत सहा खण, चुन्याची डबी साखळीने बांधलेली. झाकणावर वेल कोरलाय, एका पानाची नक्षी झिजून सपाट झालीय, कुणाचा तरी अंगठा वर्षानुवर्षं तिथंच टेकत असणार. आमच्या घरात पान कुणीच खात नाही. लहानपणी मी त्यात गोट्या ठेवल्या तर आजोबांनी आयुष्यात एकदाच माझ्यावर हात उगारला. दर वर्षी कल्हईवाला आला की ते स्वतः पानदान घेऊन जायचे, आतून कल्हई करून पुन्हा वर ठेवायचे.

जाण्याच्या वर्षी त्यांनी मला सांगितलं. सतरा सप्टेंबरनंतर ते कॅम्पातून गावी आले. धाकटा भाऊ पोत्यात सामान घेऊन घरी आला होता, वेशीजवळच्या एका घरातलं. घरातली माणसं कुठं गेली विचारलं तर भाऊ बोलला नाही. बाकीचं सामान आजोबांनी त्याच रात्री परत नेऊन ठेवलं, घर रिकामंच होतं. पानदान नंतर सापडलं, पेवाच्या तोंडाशी. ते परत करायला कुणी उरलं नव्हतं.

आजोबा कॅम्पातल्या कामाबद्दल कधीच खंत करायचे नाहीत. नाक्यावर गोळी चालवली, ते सांगायचे. समोर बंदूक होती, मागं रस्ता बंद होता. पण पानदानाबद्दल म्हणाले, "ही हिंसा माझ्या घरात हाय." त्यांनी स्वतः ते आणलं नव्हतं तरी. निळीताईंच्या दोन प्रश्नांनी मला आज कळलं की हा माणूस एकाच आठवड्यातल्या दोन गोष्टी वेगळ्या करत होता. आणि भावाचं पाप स्वतःच्या फडताळात ठेवून बालाघाटच्या ताई म्हणतात तो 'कुणी' हरवू देत नव्हता.

बालाघाटची
सर. वर्गात काय सांगितलंत मग?

मन्याडखोरं
आज तास झाला. फळ्यावर 'वैध हिंसा' लिहिलं होतं ते चुकलं, असं पोरांना आधी सांगितलं आणि 'वैध बळ' लिहिलं. उमरीच्या बँकेबद्दल निळीताईंचे दोन प्रश्न दिले, पोरांनी तासभर वाद घातला. शेवटी पानदान टेबलावर ठेवलं आणि आजोबांचं सांगितलं. मागच्या बाकावरचा तोच पोरगा पुढं आला, झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, "सर, हे ज्यांचं होतं त्यांचं नाव काय?"

मला माहीत नाही. आजोबांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

जुना_वकील
सर, वेशीजवळ घर होतं म्हणता, थोडीफार जमीनही असेल. तहसीलच्या अभिलेख कक्षात 1954 ची खासरा पाहणी, म्हणजे जमिनीच्या कब्जाची नोंद, मिळेल. त्याच्या आधीची निजामी कागदपत्रं असतील तर फसली सनाने मागा, म्हणजे 1948 च्या आसपासचा 1357-58 फसली. सर्व्हे नंबरावरून कब्जेदार कोण होता आणि नंतर नाव कसं बदललं ते निघू शकतं. नकलेचा अर्ज मी लिहून देतो. जुनं पान बहुतेक उर्दूत असेल.

तेरणा
फोटो काढून पाठवा. मी वाचून देतो.